दाराच्या आतला आकडा

९ जानेवारी

मामा,

आधीच सांगते, कामासाठी लिहितेय. फोनचा नाद मी सोडलाय. गेल्या वेळी इतकी ओरडले की माझी सगळी बातमी दुकानातल्या सगळ्यांना कळली, फक्त तुला सोडून. चाळीस वर्षं पत्रे ठोकून कान तू घालवलेस, त्याची शिक्षा माझ्या घशाला कशाला?

तर ऐक, म्हणजे वाच. मी घेतलेली ती दोन दारांची जुनी छोटी गाडी आठवते ना, जिला तू साबणाची डबी म्हणाला होतास? ती आता डबी राहिलेली नाही. मागची सीट काढली, आतले गालिचे काढले, लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करून बसवला. १४ मार्चला घाटातली शर्यत आहे. खालून वर, एकेक गाडी, घड्याळ लावून. माझं इंजिन एवढंसं. त्याचा जोर वाढवायला गेले तर तेच माझ्यासमोर हात टेकेल. म्हणून वजन उतरवायचं. सहाशे किलोच्या आतल्या गाड्यांचा वेगळा गट असतो. त्यात बसले तर मला खरोखर संधी आहे. सहाशेच्या वर गेले तर मोठ्या इंजिनांच्या रांगेत उभं राहायचं आणि हसं करून घ्यायचं.

मला तुझ्या हातचं फायबरचं बॉनेट, डिकीचं झाकण, पुढची दोन मडगार्डं आणि दोन्ही दारं हवी आहेत. काचेसकट लोखंडी दार अठरा किलो भरतं. फायबरचं, अ‍ॅक्रिलिकची काच लावून, पाचच्या आत बसायला हवं. तुला माहीतच आहे, दिवसभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त करणारी बाई मी. गाडीतला नट न नट काट्यावर ठेवून वहीत लिहिलाय. तुझे तुकडे मात्र तोलणार नाही. तू प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने थर आणि वजन लिहितोस, तेच सरळ वहीत उतरवणार. लहानपणी सुट्टीत तुझ्या कारखान्यात बसून मी तुझे आकडे काट्यावर पडताळायची. एकदाही चुकला नाहीस. मी या धंद्यात पडले ती त्यामुळेच.

नाही म्हणू नकोस. बाबा नुसतं 'मामाला विचार' म्हणाले. म्हणजे त्यांना खात्री आहे की तू नाही म्हणशील.

तुझी
छटाक


१६ जानेवारी

छटाके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा भीती वाटली. ती अजून गेलेली नाही.

जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस की मीच तुला छटाक म्हणायला लागलो. तुझं वजन वाढावं म्हणून सगळं घर तुझ्यामागे वाटी-चमचा घेऊन पळायचं. आणि आता तू वजन उतरवायला निघालीस!

अगं बाई, फायबर म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का? काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, बस. मी त्याच्या टाक्या करतो, होड्या करतो, बसचं तोंड करतो. ऊन-पाऊस अडवतं ते. पण बाजूने काही येऊन आदळलं तर अंड्याच्या टरफलासारखं फुटतं. लोखंडी दार निदान वाकतं, वाकता वाकता थोडा धक्का खातं. तुझ्या बाबांच्या हातातली काठी रोज बघतेस ना? ती बाजूने बसलेल्या धडकेचीच आहे. बॉनेट देतो, डिकी देतो, मडगार्डं देतो. दारं देत नाही.

वरचं काल लिहिलं. आज मामी म्हणाली, 'तुम्ही नाही दिलीत तर ती दुसऱ्याकडून करून घेईल, आणि तो तीन थरांच्या जागी दोन टाकून मोकळा होईल.' तिचं खरं आहे, काय करू! म्हणून देतो. पण एका अटीवर. पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर तुझ्या कमरेच्या उंचीला, दोन-दोन पाइप फुलीसारखे वेल्ड करून घे. दार फुटलं तरी ती फुली काही आत येऊ देणार नाही. पाइप पिंजऱ्यालाच हवेत, दारात घालून उपयोग नाही. दार नुसतं बिजागऱ्यांवर आणि कडीवर लटकलेलं असतं, धडक बसली की पाइपासकट मांडीवर येतं.

वचन दे, मग जुनी दारं साच्यासाठी पाठव.

मामा

ता. क. मी मामी. हे वरून कडक दिसतात, पण तुझं पत्र खिशात घेऊन फिरताहेत. काल सुताराला दाखवलं, आज किराणावाल्याला. तू फार वेगात नको गं चालवू. म्हणजे शर्यतच आहे ती, मला कळतं, तरी पण.


२४ जानेवारी

मामा,

वचन दिलं. फुल्या आधीच वेल्ड केल्या, मग लिहायला बसले. चारही टोकं पिंजऱ्याला जोडली आहेत. वेल्डरने विचारलं, 'ताई, एवढं लोखंड कशाला?' म्हटलं, मामाची अट आहे. एका बाजूची फुली पाच किलो दोनशे ग्रॅम. मनात थोडी चरफडले, पण वहीत लिहिलं.

दारं टेम्पोवाल्याकडे दिली आहेत. नियमात पिंजऱ्याची डोक्यावरची कमान सक्तीची आहे आणि दाराजवळची फुली ऐच्छिक. हे तुला सांगायचं नव्हतं, पण तुझ्यापासून काही लपवलं की मला चैन पडत नाही.

बाबा रोज संध्याकाळी गाडीजवळ खुर्ची टाकून बसतात. कौतुक म्हणून एक शब्द नाही. काल मात्र काठीने पिंजरा ठोकून पाहिला आणि 'हं' म्हणाले. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

छटाक


१५ फेब्रुवारी

छटाके,

सगळे तुकडे आज टेम्पोत चढवले. जुनी लोखंडी दारंही परत पाठवतोय, लागलीच तर असू देत. बॉनेट तीन किलो नऊशे. डिकीचं झाकण दोन किलो सातशे. मडगार्डं प्रत्येकी दीड. दारं प्रत्येकी चार किलो सहाशे. आत लिहिलं आहे.

बिजागऱ्यांचे बोल्ट घट्ट आवळ. जपून.

मामा

ता. क. मामी. ह्यांचं पत्र एवढं आखूड का, मला विचारू नकोस, मलाच कळत नाही. दोन आठवडे जेवताना गप्प आहेत. तुझ्या बाजूच्या दाराला जरा जास्तच दिवस लागले. बाकीचे तुकडे ह्यांनी एकट्याने टेम्पोत ठेवले, ते दार चढवायला मात्र सुताराला हाक मारली. वय झालं, दुसरं काय.


२७ फेब्रुवारी

मामा,

तुकडे असे बसले की हात फिरवला तरी जोड कळत नाही. दुकानातली सगळी मंडळी बघून गेली. मालक म्हणाले, 'तुमच्या मामांना आपल्या काट्यांची झाकणं करायला सांगा.' मी त्यांना म्हटलं, रांगेत उभे राहा.

पण माझी झोप उडाली आहे.

काल चार चाकांखाली चार काटे लावून गाडी पहिल्यांदा पूर्ण तोलली. वहीप्रमाणे पाचशे अठ्ठ्याण्णव किलो सातशे भरायला हवी होती. सहाशे तीन भरली. चार किलो तीनशे जास्त! मला वाटलं काटेच बिघडले. प्रमाण वजनं आणून चारही पुन्हा तपासले, अगदी बरोबर. काट्यांची अदलाबदल केली. टाकीतलं पेट्रोल काढून मोजलं, परत भरलं. वायरी सोडून तोलल्या. कुठेच चूक नाही. एवढं कळतंय की जास्तीचं वजन माझ्या बाजूला आहे, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे. म्हणजे सीट, सीटचा पाया, पट्टे किंवा वेल्डिंग. सगळं दोनदा तोललं.

दार बसवताना बाबांनी एका बाजूने धरलं होतं. ते म्हणाले, 'हे त्या दारापेक्षा जड लागतंय.' मी म्हटलं, बाबा, मामाने आत चार किलो सहाशे लिहिलंय, तुमचेच हात दमलेत. त्यांनी पुन्हा विषय काढला तेव्हा मी जरा तुटकच बोलले. मग ते आत निघून गेले.

दोन आठवडे उरलेत. तू एवढ्या गाड्या उघडल्यास, सांग ना, चार किलो कुठे दडून बसत असतील? दुकानात गिऱ्हाइकाच्या काट्यावर मोजतानासुद्धा माझ्या डोक्यात तेच चाललेलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काटा कळेनासा झालाय.

छटाक


४ मार्च

छटाके,

पत्र मिळालं. जुन्या गाड्यांच्या तळाला आवाज दाबायला डांबराचा थर मारलेला असतो, तो खरवडून बघ. दारांखालच्या पोकळीत वर्षानुवर्षांची माती साचते, तीही बघ. त्यातून निघेल काहीतरी.

नाही निघालं तर एवढा जीव काढू नकोस. जा मोठ्या गटात. हसतील ते हसतील. शर्यत म्हणजे काय सगळं आयुष्य आहे का? नाहीतर या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. बाबांना उगाच बोलू नकोस. त्यांचे हात अजून चांगले आहेत.

मामा


९ मार्च

मामा,

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग आला. 'राहू दे' म्हणतोस? दोन वर्षं मी या गाडीखाली पाठ घासतेय. दुकानातून सुटल्यावरचा एकेक तास तिला दिलाय. जगात एक माणूस मला राहू दे म्हणणार नाही असं वाटत होतं, तो तू.

डांबर खरवडलं, नऊशे ग्रॅम निघालं. पोकळीतून मूठभर माती. सहाशे दोनच्या खाली काटा येईना. परवा संध्याकाळी जमिनीवर बसले आणि नुसती गाडीकडे बघत राहिले. मग उठून ग्राइंडर लावला.

तुझी अट मोडली, मामा. माझ्या बाजूची फुली कापली. दुसऱ्या बाजूची आहे तशीच आहे, पण जास्तीचं वजन माझ्याच बाजूला होतं, ती काढली असती तर गाडी वळणावर एका अंगाला ओढली असती, म्हणून माझीच काढावी लागली. आता गाडी पाचशे शहाण्णव किलो नऊशे आहे आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्यात. कमान आहे, पट्टे आहेत, डोक्याला हेल्मेट आहे. नियमात बसतंय. काल त्या सीटवर बसले आणि डाव्या-उजव्या अंगाला हात लावून पाहिला. एकीकडे थंड लोखंड लागतं, दुसरीकडे तुझं दार. तुझ्या हातचं आहे, म्हणून भीती वाटली नाही. थोडी वाटली.

उद्या ट्रकवर गाडी चढवून निघतेय. शनिवारी सराव, रविवारी सकाळी शर्यत. बाबा ट्रकमध्ये पुढे बसून येणार आहेत, हट्टच धरलाय. तुझ्यापासून लपवलं असतं तर गाडी नीट चालवता आली नसती, म्हणून लिहिलं. रागावलास तर रविवारनंतर रागव.

छटाक


१३ मार्च, बसमध्ये

छटाके,

अक्षर नाचतंय, सांभाळून वाच. तुझं पत्र काल दुपारी आलं. मामीने लगेच तुझ्या दुकानात फोन लावला. मालक म्हणाले, ती बुधवारीच गेली. मग मी मिळेल त्या बसमध्ये चढलो. हे पत्र मीच तुझ्या हातात देणार आहे. समोर उभा राहून मला हे बोलता येणार नाही, आणि तू काय बोलतेस ते ऐकूही येणार नाही.

तुझे चार किलो तीनशे माझ्याकडे आहेत. म्हणजे तुझ्या दारात आहेत.

तुझ्या बाजूच्या दारात मी तीनऐवजी सहा थर टाकले. दोन थरांच्या मधे पाइप घातला. दार आठ किलो नऊशे भरलं. आणि आत पेन्सिलीने चार किलो सहाशे लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तू दार परत पाठवलं असतंस. दारातल्या पाइपाचा उपयोग नसतो हे मीच तुला लिहिलं होतं. माहीत असून घातला. साच्यावर मॅट अंथरताना तू त्या दाराआड बसलेली दिसायचीस आणि हात थांबेचना, अजून एक, अजून एक.

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. तू काटे उलटेपालटे करत होतीस आणि मी तुला डांबर खरवडायला लावलं. मला वाटलं, कंटाळून मोठ्या गटात जाशील, हळू चालवशील. तू फुली कापशील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुला वाचवू शकणारी एकच वस्तू त्या गाडीत होती, आणि ती माझ्या खोटेपणामुळे निघाली.

आता दुसरं. हे मामीलाही माहीत नाही. अठरा वर्षांपूर्वी तुझ्या बाबांची गाडी माझ्याकडे आली होती. दाराखालचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली होती. तो कापून नवा वेल्ड करायचा म्हणजे दोन दिवसांचं काम, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी भोकांमध्ये पुट्टी भरली, घासली, वरून रंग मारला. अगदी नवं दिसत होतं. 'झालं काम' म्हटलं. आठ दिवसांनी त्यांना बाजूने धडक बसली आणि दार खालून आधारच नसल्यासारखं आत आलं. सगळे म्हणाले, नशीब. मीही मान हलवली.

त्यानंतर मी प्रत्येक तुकड्याच्या आत काय आहे ते पेन्सिलीने लिहायला लागलो. तू ज्या आकड्यांवर विश्वास ठेवलास ते तिथून आले आहेत. आणि पहिला खोटा आकडा मी तुझ्याच दारावर लिहिला.

गाडी चालवू नकोस. मी तुला सांगण्याचा हक्क गमावलाय हे मला कळतं, तरी सांगतो. चालवू नकोस.

मामा


१९ मार्च

मामा,

तू बाहेर उभा होतास, म्हणून आत काय झालं ते लिहितेय.

माझ्यापुढे तीन गाड्या होत्या. पट्टे आवळलेले, इंजिन चालू. झेंडेवाल्याने खिडकीतून तुझा कागद आत सरकवला आणि म्हणाला, 'एक म्हातारे ऐकतच नाहीत.' मी म्हटलं, त्यांना ऐकूच येत नाही. हेल्मेट घालूनच वाचलं, दोनदा. तेवढ्यात पहिली गाडी सुटली.

खरं सांगू? मला वाटलं, आता सुटायचंच. भांडण नंतर. शनिवारी सरावात तिसऱ्या वळणावर गाडी घसरून माझी बाजू खडकाकडे गेली होती, हातभर अंतर राहिलं होतं. ते बाबांनाही सांगितलं नव्हतं. तरी वाटलं, सुटायचं. दुसरी गाडी गेली. मी आरशात पाहिलं. तू कठड्याजवळ दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून उभा होतास. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, आवाजाचा त्रास होतोय. तुला तर एक आवाज ऐकू येत नव्हता. तुझे डोळेही मिटलेले होते.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागच्या सगळ्यांनी हॉर्न वाजवले. माझी गाडी ढकलत बाजूला घेतली तेव्हा मला तुझं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही. तू ट्रकपर्यंत मागे मागे आलास ते मला कळत होतं.

हे मुद्दाम लिहिते: त्या दिवशी कुणालाही काही झालं नाही. सगळे धडधाकट वर पोचले. कदाचित मीही पोचले असते. माझ्या गटात जो पहिला आला, त्याच्या वेळेपेक्षा माझी सरावातली वेळ कमी होती. हे कुठे ठेवू ते मला कळत नाहीये.

घरी आल्यावर ते दार काट्यावर ठेवलं. आठ किलो नऊशे. एवढंसं काम! ते मी आधी केलं असतं तर काही झालंच नसतं. मी गाडीतला वॉशर तोलला आणि दार तोललं नाही. दिवसभर मी लोकांना काय सांगते? 'डोळ्यांवर जाऊ नका, काट्यावर घ्या.' आणि बाबांनी दोनदा सांगितलं तेव्हा त्यांना गप्प केलं. तुझ्यावर रागावतेच आहे, पण वचन देऊन फुली कापणारीही मीच. त्यामुळे राग नीट एका जागी बसत नाही.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. दाखवू नये असं वाटलं होतं, पण या घरात आता लपवालपवी पुरे झाली. पुट्टीचं वाचल्यावर त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि बराच वेळ पाय चोळत बसले. नंतर म्हणाले, 'त्याला सांग, मी एवढ्यात लिहिणार नाही.' तेच कळवतेय.

२३ मेला दुसरी शर्यत आहे, त्याच घाटात. मला माझ्या बाजूचं दार हवंय. तीन थर. पाइप नको. दुसऱ्या कुणाला सांगायचं का, याचा चार दिवस विचार केला. तुलाच सांगतेय. का, ते विचारू नकोस.

छटाक


२ मे

छटाके,

दार पाठवतोय.

तीन थर आहेत. मॅट अंथरली, रेझिन लावलं, रोलरने हवा काढली. चौथा तुकडा कापून ठेवला होता. तो हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग मामीने माझ्या हातातून काढून घेतला आणि कचऱ्यात टाकला. तिला सगळं सांगितलंय. ती चार दिवस बोलली नाही, आणि आता बोलायची थांबत नाही.

आतली बाजू कोरी आहे. पेन्सिल उचलली होती, पण माझ्या आकड्याला आता काय किंमत? तूच तोल.

भीती कमी झालेली नाही, छटाके. दुप्पट झाली आहे. पण ती माझी आहे, तुझ्या दारात भरायची नाही, एवढं कळलंय. फुली पुन्हा वेल्ड केलीस का? एवढंच कळव. तुझ्या बाबांना काय लिहू ते सुचत नाही. रोज एक कागद घेतो आणि रोज फाडतो.

मामा

ता. क. मामी. या वेळी दार ह्यांनी एका हाताने उचललं. सुताराला बोलावलं नाही, मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.


१० मे

मामा,

फुली वेल्ड केली. चारही टोकं. बाबांनी काठीने ठोकून बघितली, या वेळी 'हं' म्हणाले नाहीत, दोनदा ठोकली.

दार तोललं. आधी तोललं, मग बसवलं. किती भरलं ते लिहीत नाही, गाडी सहाशेच्या आत आहे एवढंच सांगते. बसवताना बाबांनी एका बाजूने धरलं आणि म्हणाले, 'हे हलकं आहे.' मी म्हटलं, हो बाबा. तर म्हणाले, 'नुसतं हो नको म्हणूस, पुन्हा एकदा काट्यावर घे.' घेतलं. त्यांना हसू आलं. दोन महिन्यांनी.

तुझं नाव ते अजून घेत नाहीत. पण काल ट्रकवाल्याशी बोलताना म्हणाले, 'घाटात तीन खुर्च्या लागतील, एक माझी, एक तिच्या मामीची.' तिसरी कुणाची ते सांगितलं नाही. ट्रकवाल्याने विचारलंही नाही.

मला या वेळी जास्त भीती वाटतेय. मार्चमध्ये मला वाटत होतं की सगळं माझ्या वहीत आहे. आता ते तिसरं वळण रोज डोळ्यांसमोर येतं, आणि मी तिथे वेग कमी करायचा सराव करतेय. त्यात दोन सेकंद जातील. जाऊ देत.

दाराची आतली बाजू मी कोरीच ठेवली आहे. माझ्या हाताने लिहावंसं वाटेना. शर्यतीच्या आदल्या दिवशी ये. मी दार काढून काट्यावर ठेवीन, बाबा काटा वाचतील, आणि तू लिही. पेन्सिल घेऊन ये.

आणि मी सुटेन तेव्हा कानांवर हात ठेवू नकोस. मला आरशात सगळं दिसतं. हात रिकामे राहवत नसतील तर बाबांची काठी धर, ते उभं राहून बघणार म्हणताहेत.

तुझी
छटाक